मेडिकल, जबानी आणि घरातली भाषा

मराठीत ‘मेडिकल’ या शब्दाला निदान तीन अर्थ आहेत, आणि कर्जतच्या बाजारपेठेत ते तिन्ही एकाच सकाळी कानांवर पडू शकतात. ‘मेडिकल उघडलं का?’ म्हणजे औषधांचे दुकान. ‘पोरीला मेडिकल मिळालं’ म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयातला प्रवेश. आणि ‘त्याचं मेडिकल झालं का?’ म्हणजे शरीराची ती तपासणी, जिच्यावाचून नोकरी, भरती किंवा परदेशाचा व्हिसा पुढे सरकत नाही. प्रस्तुत लेख या तिसऱ्या अर्थाविषयी आहे, आणि त्यातही परदेशी राहायला जाणाऱ्यांना द्याव्या लागणाऱ्या तपासणीविषयी. हा विषय डॉक्टरांचा आणि व्हिसाच्या दलालांचा. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्यात कशाला लक्ष घालावे, असा प्रश्न कुणी विचारील. तालुक्याच्या ठिकाणी मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे जेव्हा विद्यार्थी हे अर्ज घेऊन येतात, तेव्हा त्यांची खरी अडचण शरीराची क्वचितच असते. ती बहुधा भाषेची असते, म्हणजे आपल्या कक्षेतली.

आमच्या भागात ‘मेडिकल’ हा शब्द रेल्वेने रुजवला. कर्जत हे घाटाच्या पायथ्याचे स्टेशन. बोरघाट चढणाऱ्या गाड्यांना इथे मागून जादा इंजिने जोडली जातात, आणि त्यामुळे चालक, गार्ड, पॉइंटमन यांची घरे इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. या घरांत ‘ए-वन’ हा शब्द पोरासोरांनाही ठाऊक असतो. इंजिनचालकाची नजर विनाचष्म्याची निर्दोष हवी, ही ती श्रेणी. तपासणीत नजर उतरली की माणूस ‘मेडिकलमध्ये गेला’ आणि हलक्या कामावर आला. अक्षरांचा तक्ता पाठ करून गेलेल्यांच्या कथा कर्जतला अजून चवीने सांगितल्या जातात. पुढे खालापूरकडच्या पोरांनी पोलीस भरती आणि लष्कर भरतीतून हाच संस्कार घेतला: छाती फुगवा, उंचीत अर्धा सेंटीमीटर कमी पडत असेल तर पहाटे मोजून घ्या, कारण दिवसभरात माणूस दबतो. थोडक्यात, मेडिकल ही पास किंवा नापास होण्याची गोष्ट आहे आणि तिची तयारी म्हणजे परीक्षकाला चकवण्याची तयारी, ही समजूत आमच्या हवेतच आहे.

हीच समजूत घेऊन माणसे परदेशाच्या तपासणीला जातात. आठवडाभर आधी पपई आणि बीट, दोन दिवस आधी मीठ बंद, आदल्या रात्री खोकल्याचे औषध. कुणी सांगितले म्हणून प्रतिजैविकांचा अर्धवट कोर्सही. हा शेवटचा प्रकार निव्वळ मूर्खपणाचा नाही, घातक आहे. कारण काही प्रतिजैविके क्षयाचे जंतू काही काळ दबवून निदान लांबवतात, आणि आपल्याला काय झाले आहे हे कळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग माणूस आपल्या हाताने बंद करतो.

वस्तुतः या तपासणीचे स्वरूप अगदी वेगळे आहे. ती कुणाही डॉक्टरकडे करून चालत नाही. ज्या त्या देशाने नेमून दिलेल्या दवाखान्यातच करावी लागते आणि आमच्यासाठी तो दवाखाना म्हणजे मुंबई. तिथला डॉक्टर तुमच्यावर उपचार करीत नाही, तुम्हाला व्हिसा देत नाही की नाकारतही नाही. तो विचारतो, पाहतो, लिहितो आणि पाठवतो. निर्णय अन्यत्र होतो. ब्रिटनला सहा महिन्यांहून अधिक काळ जायचे तर मुख्यतः छातीचा एक्स-रे आणि क्षयाचा प्रश्न. प्रमाणपत्र सहा महिने चालते. २०१२ पूर्वी हा एक्स-रे हीथ्रोच्या विमानतळावर उतरल्यावर काढीत, त्यानंतर तो टप्प्याटप्प्याने आपल्या देशात सरकला. अमेरिकेत कायमचे जाणाऱ्याला एक्स-रे, रक्ततपासणी आणि लसींच्या नोंदी. कॅनडा, ऑस्ट्रेलियाचे नियम आणखी वेगळे. पण या सगळ्यांत एक समान गोष्ट आहे, आणि तिच्याकडे आमचे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. यंत्राआधी प्रश्न येतात. ‘तुम्हाला पूर्वी कधी अमुक आजार झाला होता काय?’ खाली तुमची सही. कायद्याच्या भाषेत ही जबानी आहे.

आता या ‘पूर्वी कधी’कडे वळू. काही वर्षांपूर्वी खालापूर तालुक्यातल्या एका गावची माझी माजी विद्यार्थिनी उच्च शिक्षणासाठी ब्रिटनला निघाली होती. प्रश्नावलीतल्या क्षयाच्या प्रश्नापुढे तिने ‘नाही’ अशी खूण केली होती आणि तिच्या समजुतीने ते शंभर टक्के खरे होते. बोलता बोलता तिची आई म्हणाली, “हिला सातवीत असताना छातीत पाणी झालं होतं, तेवढंच काय ते.” मी विचारले, औषध किती दिवस चालले? “सहा महिने. सरकारी दवाखान्यातनं गोळ्या मिळायच्या.” लघवीला लालसर रंग यायचा का, हा प्रश्न एका शिक्षकाने एका आईला विचारणे जरा विचित्रच; पण तो मी विचारला. “यायचा की. आम्ही घाबरलो होतो. मग तिथल्या ताई म्हणाल्या, औषधानंच होतं.”

रिफाम्पिसिन हे क्षयावरचे प्रमुख औषध लघवीला नारिंगी-लाल रंग देते. छातीच्या आवरणात पाणी साचणे हे आपल्याकडच्या तरुण वयात बहुतेक वेळा क्षयामुळेच असते. सहा महिने, सरकारी गोळ्या आणि हा रंग: तिन्ही एकत्र आल्यावर संशयाला फार जागा उरत नाही. म्हणजे मुलीला क्षय होऊन गेला होता, ती पूर्ण बरी झाली होती, आणि त्या घरात ‘टीबी’ हा शब्द एकदाही उच्चारला गेला नव्हता. डॉक्टरांनी उच्चारला असेल. घराने तो ऐकला नाही. आई दाराशी थांबून हळूच म्हणाली, “सर, तेवढं टीबी लिहू नका. धाकटीचं अजून व्हायचंय.”

मला हे प्रकरण वारंवार आठवते, कारण यात कुणीही खोटे बोललेले नाही. घराकडे आजारांची स्वतःची एक नामावली आहे आणि ती दवाखान्याच्या नामावलीपेक्षा जुनी आणि कितीतरी सोशिक आहे. छातीत पाणी झालं. अंगात कडकी होती. मानेला गंडमाळा झाल्या होत्या. पांढरी कावीळ. फेफरं. अंगावरनं वारं गेलं. डोक्यावर परिणाम झाला होता, पण आता बरं आहे. यातला प्रत्येक शब्द एखाद्या वैद्यकीय नावाच्या आसपास उभा आहे, पण नेमका त्या नावावर बसत नाही. गंडमाळ म्हणजे बहुधा गाठींचा क्षय. पांढरी कावीळ म्हणजे लोक बहुधा हिपॅटायटिस बी समजतात. ‘कडकी’ म्हणजे काहीही असू शकते, नुसती उपासमारसुद्धा. हे शब्द अज्ञानातून आलेले आहेत असे मी मानत नाही. ते घराला आजारासह जगता यावे म्हणून घडलेले आहेत. ‘छातीत पाणी’ या शब्दांत घटना आहे, संसर्ग नाही. पाणी आले, पाणी गेले. ‘क्षय’ या शब्दात मात्र झिजणे आहे, आणि पुढे सोयरीक येणार नाही ही भीतीही आहे.

या भीतीत आपल्या साहित्याचा वाटा नाही काय? सूझन सोन्टॅग यांनी १९७८ साली ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ या पुस्तकात क्षयाभोवतीच्या रूपकांचा समाचार घेतला. तो रोग नाजूक, हळव्या, अपुऱ्या प्रेमाने जळणाऱ्या जिवांचा ठरवला गेला, हे त्यांनी युरोपीय वाङ्मयातून दाखवले. आपल्याकडे वर्गात हे पुस्तक शिकवताना आपण बायरन-कीट्सच्या गोष्टी सांगतो. पण रुमालावरचा तांबडा डाग आणि त्यानंतरचे उदास संगीत हे आपल्याही कथांनी आणि चित्रपटांनी इतके वापरले आहे, की सहा महिन्यांत गोळ्यांनी बरा होणारा क्षयरोगी आपल्या कल्पनेत कुठे दिसतच नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत. बरे होणारेही लाखोंनी आहेत. बरे झालेल्यांची गोष्ट मात्र आपण लिहिली नाही. मग त्या आईने ती कुठून वाचावी?

त्या मुलीने अखेर ‘होय’ लिहिले, आणि मी तिला तसा आग्रह केला होता. एक्स-रेमध्ये आवरण जाड झाल्याची खूण निघालीच. तीन दिवस ओळीने सकाळच्या थुंकीचे नमुने; कर्जतहून मुंबईचे सीएसएमटी शंभर किलोमीटर, म्हणजे तीन दिवस पहाटेची लोकल, पोटात काही नाही, आणि वडिलांची तीन दिवसांची मजुरी गेली. नमुन्यातले जंतू वाढतात की नाही हे पाहायला आठ आठवड्यांपर्यंत थांबावे लागते. निष्कर्ष निर्दोष आला, पण तोवर सप्टेंबरचा प्रवेश हुकला होता. तिने जानेवारीत जाण्याची मुदत मागून घेतली. सत्य सांगितल्याचे बक्षीस मिळाले असे म्हणता येणार नाही, कारण ‘नाही’ लिहिले असते तरी एक्स-रे तेच बोलला असता. फरक एवढाच, की मग तिच्या सहीखाली तिच्याच छातीने तिला खोडून काढले असते, आणि त्याला व्हिसाच्या भाषेत दिशाभूल म्हणतात. कॅनडासारखा देश अशा दिशाभुलीसाठी पाच वर्षे दारे बंद करतो. बरा झालेला क्षय बहुतेक देशांत अडथळा ठरत नाही, हे आमच्या तालुक्यांत मोठ्याने सांगण्याची गरज आहे.

‘बहुतेक’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. आखाती देशांच्या तपासणीत जुन्या, पूर्ण बऱ्या झालेल्या क्षयाचा फुप्फुसावरचा व्रणही माणसाला ‘अनफिट’ ठरवू शकतो. तिथे माझा हा सगळा युक्तिवाद लंगडा पडतो. खोपोली-रसायनीच्या कारखान्यांत कंत्राटावर राबून कंटाळलेला जोडारी किंवा वीजतंत्री जेव्हा आखाताकडे पाहतो, तेव्हा खरे बोलून त्याला काही मिळत नाही, खोटे बोलूनही मिळत नाही. काच जे दाखवील ते अंतिम. आणि नेमक्या याच माणसांभोवती ‘मेडिकल पास करून देतो’ म्हणणारे दलाल घिरट्या घालतात. त्यांना पैसे देऊ नका एवढेच मी सांगू शकतो. ते सांगून त्या माणसाचे समाधान होत नाही, हेही मी पाहिले आहे.

एक्स-रेविषयी थोडे विषयांतर. थॉमस मान यांच्या १९२४ सालच्या ‘द मॅजिक माउंटन’ या कादंबरीचा नायक आपल्या प्रेयसीची आठवण म्हणून तिच्या छातीचा एक्स-रे जपून ठेवतो. चेहरा नसलेले चित्र, पण तिचे. आमच्याकडे एक्स-रे जपण्याची कारणे वेगळी. १९९५ च्या सूर्यग्रहणाला घरातला एक्स-रे डोळ्यांपुढे धरून सूर्य पाहिलेली पिढी अजून आहे (ते डोळ्यांना सुरक्षित नाही, हे नंतर कळले). एरवी तो गादीखाली किंवा कपाटामागे असतो आणि सह्याद्रीच्या पायथ्याचा चार महिन्यांचा पाऊस त्याला सादळवून टाकतो. दोन फिल्म एकमेकींना चिकटल्या की सोडवताना चित्र निघून येते. जुना एक्स-रे हा या तपासणीतला सर्वांत मौल्यवान कागद आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. आजचा डाग आणि दहा वर्षांपूर्वीचा डाग सारखाच असेल, तर तो डाग जुना व शांत आहे असे म्हणायला डॉक्टरला आधार मिळतो. घरात तो पुरावा असतो, पण त्यावर पापड वाळत घातलेले असतात.

तयारी म्हणायची तर हीच: कागद गोळा करणे. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा चौकच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन क्षयाच्या उपचाराची नोंद मागणे. कोणती औषधे, कधी सुरू, कधी पूर्ण. २०१२ साली ‘निक्षय’ ही संगणकीय नोंद सुरू झाली. त्याआधीच्या रुग्णाचे सगळे अस्तित्व एका पुठ्ठ्याच्या उपचारपत्रिकेवर, आणि ती सापडेल याची हमी नाही. बाळपणच्या लसींचे कार्ड शोधणे. न सापडल्यास काही आजारांबाबत रक्त तपासून प्रतिकारशक्ती सिद्ध करता येते, काही लसी पुन्हा घेता येतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. चालू औषधांची नावे डॉक्टरकडून लिहून घेणे, ‘एक पांढरी आणि एक गुलाबी’ एवढ्यावर न थांबता. चष्मा लागत असेल तर चष्मा नेणे. तक्ता पाठ करू नये. बाकी पारपत्र, छायाचित्रे वगैरे सगळ्यांना माहीत आहे.

या कागदांच्या शोधात एक गोष्ट मला नेहमी खटकते. ज्या डॉक्टरने माणसाला चाळीस वर्षे पाहिले, त्याच्या आजीच्या दम्यापासून त्याच्या मुलाच्या गोवरापर्यंत सगळे ज्याला तोंडपाठ आहे, त्या गावच्या डॉक्टरचे मत या व्यवहारात निर्णायक नाही. आणि ज्याने त्याला वीस मिनिटे पाहिले त्याची सही निर्णायक आहे. माहिती एकीकडे आणि अधिकार दुसरीकडे. यामागचे कारण मला समजते: गावचा डॉक्टर स्नेहापोटी, दबावापोटी किंवा पैशापोटी हवे ते लिहून देईल, अशी परक्या देशाला शंका असते आणि ती शंका निराधार आहे असे मी शपथेवर सांगणार नाही. तरीही, त्या डॉक्टरने चार ओळींत लिहून दिलेला इतिहास सोबत न्यावा असे मी प्रत्येकाला सांगतो. नेमलेला डॉक्टर तो वाचतो. त्याच्यापुढे बसलेल्या गोंधळलेल्या माणसापेक्षा त्या चार ओळी अधिक नीट बोलतात.

कर्जतपासून तासाभराच्या अंतरावरचे कल्याण हे आनंदीबाई जोशींचे जन्मगाव. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांची छाती कुणी तपासली नाही. कॉखने क्षयाचा जंतू आदल्याच वर्षी शोधला होता, क्ष-किरण सापडायला अजून बारा वर्षे होती, आणि अमेरिकेच्या १८८२ सालच्या कायद्यात वेडे, गुन्हेगार आणि सार्वजनिक खर्चावर पडू शकतील असे लोक अडवण्याची तरतूद होती. सांसर्गिक रोगाची अट १८९१ साली आली. तीन वर्षांनी आनंदीबाई डॉक्टर होऊन निघाल्या तेव्हा क्षय त्यांच्या सोबत होता, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. रोग नेहमी गरीब देशातून श्रीमंत देशाकडेच प्रवास करतो, या गृहीतकावर उभ्या असलेल्या व्यवस्थेने ही एक तारीख ध्यानात ठेवायला हरकत नाही.

कारण ‘फिट’ या शब्दाचा अर्थ दर पिढीत बदलत आला आहे, आणि तो बदल केवळ वैद्यकीय नव्हता. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर १८९२ पासून डॉक्टर उतारूंच्या कपड्यांवर खडूने अक्षरे लिहीत; पापण्या उलटून खुपऱ्या पाहत. पण पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या उतारूंची तपासणी बोटीवरच वरवर होई. बेटावर जावे लागे ते तळच्या वर्गाला. दुसऱ्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल बेटावर, १९१० साली अंकुशकृमी हा अडवण्याजोगा रोग ठरला आणि आशियाई माणसांना, त्यांत भारतीयांनाही, परत धाडायला तो सोयीचा पडला. हा जंत अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतो. भातलावणीच्या दिवसांत आमच्या शेतांतून जो कुणी चालला असेल त्याच्या पोटात त्या काळी तो निघालाच असता, आणि औषधाने गेलाही असता. एचआयव्ही असलेल्यांना अमेरिकेने १९८७ पासून अडवले ते थेट ४ जानेवारी २०१० पर्यंत. ही उदाहरणे मी तपासणीच चुकीची आहे असे म्हणण्यासाठी देत नाही. क्षय हवेतून पसरतो, त्याची चौकशी करण्याचा हक्क कुठल्याही समाजाला आहे, आणि या तपासणीमुळेच स्वतःचा आजार वेळेवर कळून सरकारी रुग्णालयात फुकट औषध घेऊन बरी झालेली माणसेही आहेत. मुद्दा इतकाच, की ‘अनफिट’ हा शिक्का त्या त्या काळाच्या भीतीनेही लिहिलेला असतो. तो शरीरावरचा निवाडा समजून माणसाने खचू नये.

स्त्रियांच्या बाबतीत या तपासणीला आणखी एक पदर आहे. छातीच्या एक्स-रेला गळ्यातले सारे धातू काढावे लागतात, मंगळसूत्रसुद्धा. नवऱ्याकडे परदेशी निघालेल्या नव्या सुनेसोबत सासू येते आणि दारातच पहिली चकमक याच प्रश्नावर झडते. मग आतले प्रश्न: शेवटची पाळी कधी, दिवस आहेत का, पूर्वी गर्भपात? गरोदरपणाची शक्यता असेल तर ती स्पष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तेव्हा पोटावर आवरण घालून एक्स-रे काढणे, त्याऐवजी थुंकी तपासणे किंवा बाळंतपणापर्यंत थांबणे असे पर्याय असतात. पण सासूसमोर हे कोण बोलणार? मी मुलींना एवढेच सांगतो, की खोलीत एकटीने जा. तसे मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

स्पर्शाविषयीचा हा संकोच जुनाट आहे असे हसण्यावारी नेण्यापूर्वी दोन तारखा आठवाव्यात. १८९७ च्या साथरोग कायद्याने रेल्वेने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा अधिकार सरकारला दिला. त्या वर्षी पुण्यात प्लेगच्या तपासणीतून काय उसळले ते मराठी वाचकाला सांगायला नको. आणि २४ जानेवारी १९७९ रोजी हीथ्रोवर उतरलेल्या पस्तिशीच्या एका भारतीय शिक्षिकेची, ती लग्नासाठी आली आहे हे खरे की खोटे ते ठरवण्यासाठी, कौमार्यतपासणी करण्यात आली. ‘गार्डियन’ने ते छापल्यावर प्रकार थांबवला गेला. हा एखाद्या डॉक्टरचा आगाऊपणा नव्हता. २०११ साली उजेडात आलेल्या सरकारी कागदांवरून भारतीय उपखंडातल्या निदान ऐंशी स्त्रियांवर अशी तपासणी झाल्याचे दिसले. म्हणून आमच्याकडची एखादी आई ‘तिथे काय काय बघतात हो?’ असे विचारते, तेव्हा तिला अडाणी समजू नये. काय बघतात आणि काय बघत नाहीत, हे तिला आधी नीट सांगावे. हाही तयारीचाच भाग.

मराठी विभागांनी यात काय करावे? मला एक साधी गोष्ट सुचते आणि ती आम्ही सुरूही केली आहे. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातून, विशेषतः आज्यांकडून, आजारांचे शब्द लिहून आणायचे: शब्द, तो कोण वापरते, त्यात काय होते, किती दिवस चालते, औषध कुठले. कर्जतच्या डोंगरपट्टीतल्या ठाकूर मुलांनी आणलेले शब्द खालापूरच्या आगरी-कुणबी घरांतल्या शब्दांशी पुष्कळदा जुळत नाहीत, आणि बोलीच्या अभ्यासकाला ते एरवीही मोलाचे आहे. मग गावातले एक निवृत्त डॉक्टर महिन्यातून एकदा येऊन त्यांपुढे वैद्यकीय नाव लिहितात, किंवा दोन-तीन शक्यता लिहितात, किंवा प्रश्नचिन्ह टाकतात. ही वही अर्ज भरणाऱ्यांच्या उपयोगी पडते, हे तर झालेच. पण तिच्यामुळे काही घरांत ‘छातीत पाणी’ या शब्दांपुढे पहिल्यांदा ‘टीबी, बरा झाला’ असे लिहिले गेले, आणि ते मुलांनी आपल्या अक्षरात लिहिले.

प्रश्नचिन्हांची संख्या बरीच आहे. मागच्या खेपेला एका मुलाने आजीचे वाक्य जसेच्या तसे आणले: थोरल्या काकांवर ‘करणी झाली, ते वाळत गेले आणि दिवाळीच्या आत गेले’. अर्जात एक रकाना असतो, कुटुंबात कुणाला क्षय होता काय. डॉक्टरांनी वाक्य दोनदा वाचले, किती महिने वाळत होते असे विचारले. मुलगा म्हणाला, आजीला पुन्हा विचारून येतो.